गोळी, तांबी आणि आमची मंगल

आमच्या उपकेंद्रात औषधांचा साठा कधी ना कधी संपतो, किश्श्यांचा मात्र आजवर संपलेला नाही. औषधांना निदान एक्स्पायरी डेट तरी असते! महिन्याच्या मीटिंगला आम्ही सगळ्या सिस्टर भोरला जमलो की चहा येईपर्यंत एक आणि चहा संपेपर्यंत तीन किस्से होतात. त्यातले निम्मे मी सांगते, आणि मी सांगते ते सगळे मंगलचे असतात.

मी भोरची. रोज स्कूटीवरून नसरापूरमार्गे वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या उपकेंद्रात जाते. कागदावर मी आरोग्यसेविका, गावात 'शिस्टर'. मंगल आमची आशा कार्यकर्ती. नववीपर्यंत शिकलेली, घरी दोन म्हशी, भाताची चार खाचरं, आणि आवाज असा की ओढ्याच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडच्या डोंगरावरची गुरं मागं वळून बघतात.

आता कुटुंब नियोजनाचं बोलणं कसं करायचं, तर खासगीत आणि हळू आवाजात. ट्रेनिंगमध्ये हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी मंगलला शंभर वेळा सांगितलं असेल, "मंगल, हळू!"

"हळूच बोलतीया की!" ती म्हणते, आणि रस्त्यावरून जाणारा कुणीतरी म्हणतो, "व्हय व्हय, आयकू आलं!"

किश्श्यांमधली नावं मी बदलली आहेत. मंगलचं बदलायला गेले तर ती उसळली. "माझं खरंच टाका. म्या काय चोरी केलीया?"

एक घर मात्र असं होतं, की त्याचा किस्सा करायची माझी हिंमत नव्हती. हिराबाईचं घर. हिराबाईची सून सारिका. दोन वर्षांत दोन मुली, दुसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की भोरहून पुण्याला हलवावी लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तीन वर्षं तरी दिवस राहता कामा नयेत, राहिले तर बाई हाती लागणार नाही. धाकटी सहा महिन्यांची झाली की गोळी चालेल, असंही त्यांनी लिहून दिलं. सारिकानं हॉस्पिटलच्या खाटेवर मंगलचा हात धरला आणि म्हणाली, "ताई, मला जगायचंय."

हिराबाईला नातू हवा होता. शिवाय गोळ्या पोटात साचून त्यांची गाठ होते, असं तिचं ठाम मत. मंगल पिशवी घेऊन गेली तर हिराबाईनं सगळ्या आळीसमोर जाहीर केलं, "ही बया पुन्यांदा माझ्या उंबऱ्यात दिसली तर झाडणीनं हानीन!" आणि दार लावलं. तेव्हापासून मंगल दिसली की ते दार धाडकन लागायचं. सारिकाला एकटीला घराबाहेर सोडायची नाही आणि सारिकाच्या नवऱ्याला आईपुढं तोंड उघडायची सवय नाही. लसीकरणाला सारिका यायची ती सासूच्या पहाऱ्यात. मी तिचं बीपी बघायची, रक्त तपासायची, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी चोरून पोटाकडं बघायची.

असो. आधी बाकीचे ऐका.

*

भोरला आशांचं ट्रेनिंग होतं. पुण्याहून एक तरुण डॉक्टर शिकवायला आले होते. चांगले होते, पण आशा म्हणजे गोळ्या वाटणाऱ्या बाया, त्यांना आत काय असतं ते कशाला कळायला हवं, असा चेहरा. त्यांनी सहज विचारलं, "माला-एनच्या गोळीत काय असतं, कुणी सांगेल?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. मंगल उठली.

"सर, लेव्होनॉर्जेस्ट्रेल शून्य पॉइंट एक पाच मिलिग्राम आन इथिनिल इस्ट्राडिओल शून्य पॉइंट शून्य तीन. दोन्ही हार्मोन. अशा एकवीस गोळ्या, आन शेवटच्या सात तपकिरी. त्या नुसत्या लोहाच्या, रक्तासाठी."

डॉक्टरांनी तिला पारखून बघायचं ठरवलं. "आणि इमर्जन्सीच्या गोळीत?"

"त्येच पहिलं औषध, सर. दीड मिलिग्राम. म्हंजी दहापट. बहात्तर तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. पर अडीनडीला. रोजची न्हवं."

डॉक्टरांनी खिशातून मोबाईल काढला आणि शून्य पॉइंट एक पाच गुणिले दहा करून बघितलं! मी शेजारी बसले होते, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मला इतका अभिमान वाटला की मी उगीचच माझी साडी सारखी केली.

"एवढं पाठ कसं केलंत हो ताई?" डॉक्टरांनी विचारलं. आता 'अहो'वर आले होते.

"गोठ्याच्या दारावर खडूनं लिवून ठिवलं, सर. धार काढताना सकाळ-संध्याकाळ म्हनायचं. माझ्या दोनी म्हशींना बी पाठ झालंय!"

*

नाव पाठ असणं वेगळं आणि गावातल्या बाईला समजावणं वेगळं. ते मंगलनं मला शिकवलं, मी तिला नाही.

मी आपली भिंतीवर चार्ट लावून सांगायची, की हार्मोनमुळे बीजांड बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. बाया मान हलवायच्या आणि दारात गेल्यावर एकमेकींना विचारायच्या, "काय म्हनली गं?"

मंगल चार्टकडं पाठ करून बसायची. "हे बघा. रोपच टाकलं न्हाई तर लावनी कशाची करनार? गोळी घेतली की अंगातलं बीच बाहेर पडत न्हाई. येक झालं. दुसरं, खाचराचं तोंड चिकट चिखलानं बुजवलं तर पानी आत शिरंल का? तसं गोळी आतलं तोंड बुजवून टाकती. पुरुषाचं बी आत जायला वाटच न्हाई!"

एक म्हातारी मागं बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "आन गोळी बंद केली तर?"

"तर चिखल निघाला, तोंड उघडलं, फुडच्या हंगामाला रोप टाका!"

"म्हंजी जिमीन खराब व्हत न्हाई?"

"आजी, पड ठिवलेली जिमीन जास्त पिकती, त्ये तुमाला म्या सांगायचं व्हय?"

तो चार्ट मी त्या दिवशी काढून कपाटामागं ठेवला.

*

तांबी, म्हणजे कॉपर-टी. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडं तांबी काढून मागायला बाया येतात. का? तर वीज पडते! आमच्या डोंगरात विजा लई, आणि भर पावसात बाया खाचरात वाकलेल्या. कुणीतरी उठवून दिलं की पोटात तांबं असलं की वीज ओढून घेतं. एका दिवसात पाच बाया दारात उभ्या.

मी शास्त्र सांगायला लागले. तांब्याची बारीकशी तार, त्यातून कण सुटतात, त्यानं पुरुषबीज लुळं पडतं, अंड्यापर्यंत पोचतच नाही, विजेचा काही संबंध नाही. पाचही जणी एका सुरात, "काढाच!"

मंगल मागून आली. तिनं पाचही जणींच्या गळ्याकडं बघितलं. "बरं, काढू. पर आदी त्ये डोरलं काढा. धातू तर त्यो बी हाय, आन त्यो तर उघड्यावर हाय! पायातली जोडवी काढा. इळा तर हातात धरूच नका, त्यो तर लोखंडाचा!"

पाचही जणी एकमेकींकडं बघायला लागल्या. एक हळूच म्हणाली, "डोरलं कसं काढायचं? नवरा हाय की."

"मंग तांबी बी ऱ्हाऊ द्या. ती बी नवऱ्यापायीच बशीवलीया!"

*

छाया नावाची गोळी आली तेव्हाची गोष्ट. ह्या गोळीत हार्मोन नसतं, सेंटक्रोमॅन नावाचं औषध असतं. ते गर्भ पिशवीत रुजू देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, मग आठवड्यातून एकदा. वार मात्र ठरलेले. वरच्या आळीतल्या एका बाईला आम्ही सोमवार आणि गुरुवार दिले.

तीन आठवड्यांनी मंगल पाकीट बघायला गेली. एकही गोळी कमी झालेली नाही!

"अगं, घेतली का न्हाईस?"

"सोमवारी म्हादेवाचा उपास, बेस्तरवारी दत्ताचा. गोळी उपासाला चालती का न्हाई, कुनाला इचारायचं?"

नशीब की दिवस राहिले नव्हते. टेस्ट करून घेतली आणि मग आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसलो. मंगल म्हणाली, "चालती की! गोळी बांधायला त्यात दुधातली साखर घालत्यात. शिस्टर, लॅक्टोज म्हंजी त्येच ना?" बाईचा चेहरा उजळला. आता मी गप्प बसावं की नाही? पण मला खोड. मी म्हटलं, "हो, आणि थोडं मक्याचं पीठही असतं."

बाईनं पाकीट खाली ठेवलं. मका उपासाला कुठं चालतो? मंगलनं माझ्याकडं जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"बरं," मंगल दमानं म्हणाली, "मंग मंगळवार-शुक्रवार घे. त्या दिशी काय धरतीस?"

"म्या न्हाई. त्या दिशी सासूबाई धरत्यात."

"मंग सासूबाईंनी गोळी घ्यायची न्हाई!"

*

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. दंडात एक टोचलं की तीन महिने बीज बाहेर पडत नाही, रोजची आठवण ठेवायला नको. थोडं मागंपुढं झालं तर चालतं, पण फार लांबून चालत नाही.

गडाखालच्या पाली गावची एक बाई शनिवार-रविवार गडावर ताक आणि लिंबू सरबत विकते. बाकीचे दिवस पुण्याला बहिणीकडं कामाला. तीन वेळा आम्ही तिला गाठायला गेलो, तिन्ही वेळा ती गडावर किंवा पुण्यात. इंजेक्शनची मुदत संपत आलेली. मंगल म्हणाली, "शिस्टर, ती खाली येत न्हाई तर आपन वर जाऊ."

रविवारी आम्ही राजगड चढलो! मंगल पुढं, पिशवी खांद्यावर, कुणाशी तरी मोबाईलवर बोलत. मी मागं, दर दहा पायऱ्यांना थांबत, बीपीचं मशीन छातीशी धरून. वर पोचले तेव्हा मला बोलता येत नव्हतं. ताकवालीनं आधी मला ताक पाजलं. मग मी तिचं बीपी घेतलं. एकदम नॉर्मल. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "शिस्टर, तुमचं बी बघा की."

बघितलं. तिच्यापेक्षा माझंच कितीतरी जास्त!

"इंजेक्शान माझं," ती म्हणाली, "पर गरज तुमाला दिसतीया!"

एका खोपटाच्या आडोशाला चादर धरून इंजेक्शन दिलं. जागा चोळायची नाही असं सांगून मी चादर बाजूला केली, तर बाहेर पुण्याचे आठ-दहा ट्रेकर रांगेत उभे! बाह्या वर केलेल्या. एकानं विचारलं, "मॅडम, धनुर्वाताचं आहे ना? आम्हालाही द्या ना, फ्री आहे का?"

मंगलनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "देऊ की. किती लेकरं झाली तुमाला?"

रांग जागच्या जागी मोडली.

*

निरोधचा डबा आम्ही उपकेंद्राच्या व्हरांड्यात ठेवला होता. महिनाभर डबा भरलेलाच. माणसं येणार कशी, समोर मी बसलेली! मंगलनं डबा उचलला आणि दूध डेअरीच्या मागच्या भिंतीला लावला. पहाटे सगळे पुरुष किटल्या घेऊन तिथंच येतात, अंधार असतो, फॅट बघेपर्यंत वेळही असतो. आठवड्यात डबा रिकामा!

एका पोक्त माणसानं मंगलला गाठून विचारलं, "ह्यात औशद कंचं असतं गं?"

"ह्यात औशद न्हाई, दादा. नुसता रबराच्या झाडाचा चीक. बाकी अक्कल आपली आपन घालायची!"

डेअरीचा सेक्रेटरी मला भेटला की अजून सांगतो, "शिस्टर, दुधापेक्षा तुमच्या डब्याला उठाव जास्त हाय!"

*

इर्जिकीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. लावणीला मजूर मिळत नाहीत म्हणून आमच्याकडं इर्जिक करतात. आज सगळ्यांनी हिच्या खाचरात, उद्या तिच्या. ज्याचं शेत त्याचं जेवण. हिराबाईची शेजारीण कमल आणि आणखी तिघी अशा चौघींची इर्जिक होती. चौघीही माला-एनवर.

लावणीच्या मध्यावर मंगल बांधावर गेली. जेवणं उरकली होती. कमलनं पिशवीतून पाकीट काढलं आणि चौघींच्या हातावर एकेक गोळी ठेवली!

"हे काय?"

"आज माझं शेत," कमल म्हणाली. "आज गोळी बी माझी. उद्या हिची."

दहा दिवस हे चाललं होतं! एकीची सुरुवात बारा दिवसांपूर्वीची, एकीची पंधरा, एक तर शेवटच्या तपकिरी गोळ्यांवर आलेली. त्यामुळे कुणाच्या पोटात भलत्या दिवशी नुसतं लोह, आणि जिनं लोह घ्यायचं तिच्या पोटात हार्मोन. मंगलनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज फोन नसतानाही पोचला असता.

मी बांधावर बसून चौघींचा हिशोब लावला. जिची पांढरी गोळी चुकली तिनं आपलं पाकीट चालू ठेवायचं आणि सात दिवस निरोध वापरायचा, म्हणजे धोका नाही. मंगलनं चौघींना दम भरला. "भाकरी वाटून खावा, चटनी वाटून खावा. गोळी ज्याची त्यानं! इर्जिक करायची तर आठवनीची करा. जेवन सोडलं की एकीनं हाक मारायची, चौघींनी आपापली घ्यायची."

तेव्हापासून त्या बाजूच्या बांधांवर दुपारी जेवण सुटलं की हाक ऐकू येते, "गोऽऽळी!" नवीन माणसाला वाटतं, कुणी शिकारीला आलंय!

चौघींपैकी एकीलाही त्या वर्षी दिवस राहिले नाहीत. फक्त कमलचं एक नवंच दुखणं सुरू झालं. तिला दर महिन्याला एक पाकीट जास्त लागायला लागलं. म्हणे उंदीर नेतात. मंगलनं तिला झाकणाचा पत्र्याचा डबा दिला. पुढच्या महिन्यात कमल पुन्हा दारात, "ताई, उंदीर डबा बी उघडत्यात!"

मी स्टॉकच्या रजिस्टरमध्ये दर महिन्याला लिहीत गेले, 'एक पाकीट, उंदीर'. मंगल हसून म्हणायची, "शिस्टर, काही म्हना, त्या घरातल्या उंदरांना आता पिल्लं हुनार न्हाईत!"

*

शेवटचा किस्सा गेल्या हिवाळ्यातला. जिल्ह्याहून मोठ्या मॅडम तपासणीला आल्या. कडक, पण खऱ्या. रजिस्टर बारकाईनं बघितलं, उंदरावर येऊन थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं. मग म्हणाल्या, "कागद छान आहेत. पण कागद कुणीही भरतं. बायकांना कळलंय का, ते मला ऐकायचंय. चला आळीत."

मंगलचा चेहरा उतरला. तिची इतक्या वर्षांची मेहनत, आणि ती आता इतर कुणाच्या तरी तोंडून सिद्ध व्हायची होती.

कमलच्या ओट्यावर वीस-पंचवीस बाया जमल्या. मंगल नेहमी तिथंच बसून बोलायची. भिंतीला भिंत लागून हिराबाईचं घर, दार नेहमीसारखं बंद. मॅडमनी विचारलं, "गोळी पोटात जाऊन काय करते, कोण सांगेल?"

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ज्या बांधावर "गोऽऽळी" म्हणून ओरडतात त्याच ह्या, पण मोठ्या मॅडमसमोर एकीच्या तोंडून शब्द फुटेना. मॅडमनी पुन्हा विचारलं. पुन्हा हसू. कमल तर भिंतीकडं तोंड करून बसली. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. हिराबाई उंबऱ्यात.

"म्या सांगते," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, आता ही गाठी, साचलेल्या गोळ्या, सगळं काढणार!

"रोपच टाकलं न्हाई तर लावनी कशाची? गोळीनं अंगातलं बी बाहेर पडत न्हाई. आन खाचराचं तोंड चिखलानं बुजावं तसं आतलं तोंड बुजतं. पांढऱ्या एकवीस, त्यात औशद. तपकिरी सात, त्यात लोखंड, त्ये रक्ताला. गोळी पोटात साचत न्हाई, साखरेवानी इरघळती. बंद केली की पुन्यांदा पीक येतं."

मॅडमनी चष्मा काढला. "आजी, आणि एखादा दिवस गोळी चुकली तर?"

"एक चुकली तर आठवली की लगीच घ्यायची, आन फुडची तिच्या येळेला. दोन चुकल्या तर गोळी सोडायची न्हाई, आन सात दिस निरोध." बायांनी पदरात तोंडं खुपसली. हिराबाईनं त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. "पर आमच्यात चुकत न्हाई."

तिनं कमरेची चंची सोडली. पान, सुपारी, चुन्याची डबी, आणि त्याखालून माला-एनचं पाकीट. निम्म्या गोळ्या गेलेल्या. दारामागं सारिका उभी होती, धाकटी कडेवर. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

"सांजंला दिवा लागला," हिराबाई म्हणाली, "की म्या माझ्या हातानं सुनंच्या हातावर ठिवते. नातू यील तवा यील. सून कुठनं आनू?"

मंगल उठून उभी राहिली. पहिल्यांदाच तिचा आवाज हळू आला. "आत्या, पर तुमी तर मला दारात उभं करत न्हवता!"

"दार लावलं व्हतं, बाय. कान कुठं लावलं व्हतं? तुझा आवाज आडवायला भिंत बी पुरत न्हाई."

"आन ही पाकिटं? ही तुमाला दिली कुनी?"

हिराबाईनं पाकीट पुन्हा चंचीत ठेवलं, गाठ मारली, आणि दार उघडंच ठेवून आत जाता जाता म्हणाली,

"कमळीच्या घरातल्या उंदरांनी."